आवाज येतो तिथे विमान नसतं

माझ्याकडे एक जुनी वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. सातवीत असताना, म्हणजे १९७४ साली, मी तिच्यात वर्तमानपत्रांतली विमानांची कात्रणं चिकटवायला लागलो. डिंकाला पैसे मिळत नसत, म्हणून भाताच्या शितांनी चिकटवायचो. त्यामुळे काही विमानं झुरळांनी पंखापासून खाल्ली. आमचं गाव ओझरच्या जवळ आणि ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना. त्या भागाला आमच्याकडे अजूनही नुसतं 'मिग' म्हणतात. "मिगला उतरायचंय" म्हटलं की कंडक्टर बरोबर थांब्यावर घंटी मारतो. आई द्राक्षबागेत असायची. डोक्यावरून काही कडाडत गेलं की मान वर न करता म्हणायची, "गेलं बघ तुझं मिग." एवढ्या भांडवलावर मी पन्नास वर्षं स्वतःला विमानवेडा म्हणवून घेतलं. विमानात बसलो ते आयुष्यात तीनदा, तिन्ही वेळा मधल्या सीटवर.

भाची बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती प्लेन स्पॉटर असते. हे कसलं पद, मला माहीत नव्हतं. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं आणि कोणतं विमान आलं, शेपटीवर नंबर कोणता, हे टिपून ठेवायचं, असं तिने फोनवर समजावलं. मी म्हटलं, "म्हणजे पक्षीनिरीक्षणच की, फक्त पक्षी लोखंडाचे."

"ॲल्युमिनियमचे, मामा. आणि आता तर कार्बन फायबरचे. फेब्रुवारीत एरो इंडिया आहे, येतोस का?"

घरातून पाय निघायच्या आधीच एक मार्क गेला होता.

एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन १९९६ पासून साधारण दर दोन वर्षांनी बंगळुरूच्या येलहंका भागातल्या हवाई दलाच्या तळावर भरतं. २०२५ चं हे पंधरावं, १० ते १४ फेब्रुवारी. पहिले तीन दिवस धंद्याच्या लोकांचे, शेवटचे दोन तुमच्या-आमच्यासारख्यांचे. तिकीट मात्र मी स्वतः काढायचं ठरवलं, म्हटलं भाचीला जरा दाखवू. तीन प्रकार होते: पाच हजार, अडीच हजार आणि हजार. हजाराच्या तिकिटाचं नाव 'एअर डिस्प्ले व्ह्यूइंग एरिया', म्हणजे हवाई कसरती बघण्याची जागा. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार लोक 'अडवा' असा करतात. 'पाणी अडवा, पाणी जिरवा'च्या इतक्या प्रभातफेऱ्या मी शाळेतल्या पोरांना घेऊन काढल्यात की तो शब्द ऐकूनच घरचं वाटलं. विमानंच बघायचीत ना, मग अडीच हजार कशाला? १३ तारखेची दोन अडवा काढली आणि रुबाबात कळवलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग कळलं की अडवावाल्यांना विमानं दिसतात ती फक्त आकाशात. जमिनीवर मांडलेली विमानं, दालनं, नमुने, यांच्या दारात त्यांना अडवतात. तिने मुकाट्याने १४ ची अडीच हजारवाली दोन काढली. माझ्या काटकसरीची किंमत दोन हजार रुपये.

१२ ला संध्याकाळी द्राक्षांची पेटी घेऊन येलहंक्याला भाचीच्या घरी पोचलो. पहिलं जेवण बाहेर, मामाकडून, असं ठरलं. मी चिकन मागवलं. वेटरने मान हलवली. मटण? नाही. मासे? नाही. मी भाचीकडे वळून हळूच विचारलं, "कुणाचा उपास आहे का गं गावात?"

"घारींचा," ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. पण महापालिकेने तळाच्या १३ किलोमीटरच्या परिसरात २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी मांसविक्री बंद ठेवली होती, हॉटेलातल्या सामिष जेवणासकट. मांसाचे टाकलेले तुकडे उघड्यावर पडले की त्यावर घारी येतात, आणि घार इंजिनात शिरली तर इंजिन बंद पडू शकतं. कोट्यवधींचं यंत्र आणि त्याचा वैरी कोण, तर कोंबडीच्या आतड्यावर झेपावणारी घार. मी पनीर खाल्लं. युद्धसज्जतेला एवढा हातभार कुणीही लावला असता.

१३ ला पहाटे निघालो. कृषी विद्यापीठाच्या आवारात गाडी लावायची आणि तिथून बसने तळाकडे जायचं. बसमध्ये बहुतेकांच्या गळ्यात हातभर लांबीच्या लेन्सचे कॅमेरे. माझ्याकडे फोन, टोपी, कापसाचे दोन बोळे आणि बायकोने आग्रहाने दिलेली छत्री. "तिथं सावली नसेल, माझं ऐक." तिचं बरोबर होतं. अडवा म्हणजे धावपट्टीच्या कडेचं मोठं मोकळं मैदान, आणि त्यावर फेब्रुवारीतलं दख्खनचं ऊन. नऊच्या सुमारास मी छत्री उघडली. मागून एकदम ओरडा झाला, "कोडे! कोडे!" मी मागे वळून हसलो. मला वाटलं विमानाबद्दल काहीतरी कोडं घालतायत. आवाज वाढला. शेवटी भाचीने छत्री माझ्या हातातून घेऊन मिटली. कानडीत छत्रीला 'कोडे' म्हणतात. माझ्या मागे चाळीसएक कॅमेरे होते आणि त्या सगळ्यांच्या चौकटीत माझी काळी छत्री.

मग ध्वनिक्षेपकावर इंग्रजी-हिंदीतून सांगणं सुरू झालं आणि मी शिक्षकाच्या सवयीने एकेक शब्द मराठीत करून बघू लागलो. विमान 'टॅक्सी' करतंय. म्हणजे रिक्षा-टॅक्सीतली टॅक्सी नव्हे, विमान स्वतःच्या चाकांवर रस्त्याने हळूहळू चाललंय. 'ॲप्रन'वर विमानं उभी आहेत. हा स्वयंपाकघरातला ॲप्रन नव्हे, विमानांचं अंगण. 'लिफ्ट' म्हणजे पंखाला हवेकडून मिळणारी उचल. हा शब्द मला फार आवडला, कारण आमच्याकडे उचल म्हणजे मुकादमाने ऊसतोडीच्या जोडीला आधी दिलेले पैसे. तीही फेडावी लागतेच. वेगाने फेडायची. वेग कमी झाला की उचल संपली. मी हे सगळं वहीत लिहीत होतो. मान वर केली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. पहिलं विमान येऊन गेलं होतं.

दुसरं तरी चुकवायचं नाही असं ठरवलं. कानात बोळे घातले. डावीकडून गडगडाट आला, मी फोन डावीकडे रोखला. काही नाही. आवाज डोक्यावर आला, फोन डोक्यावर. काही नाही. आजूबाजूचे सगळे उजवीकडे बघत होते, लग्नात नवरी एका दाराने येतेय आणि आपण दुसऱ्या दाराशी अक्षता घेऊन उभे, तसं. भाची काहीतरी ओरडत होती, बोळ्यांमुळे ऐकू येईना. तिने एक बोळा ओढून काढला आणि कानात म्हणाली, "मामा, आवाज येतो तिथे विमान नसतं! पुढे बघ!"

हिशोब तिने तिथेच करून दाखवला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद. ताशी ७०० किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्यात जवळजवळ ६०० मीटर पुढे निघून गेलेलं. म्हणजे मी जिथे बघत होतो ती विमानाने सोडलेली जागा होती. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, हे मी चौथीच्या पोरांना वर्षानुवर्षं फळ्यावर ढग काढून शिकवलंय. त्यांना पेपरात दोन मार्कांना विचारलंय. पन्नास वर्षं ओझरच्या आकाशाखाली राहिलो आणि आवाजाकडे बघत राहिलो. आई निदान बघत तरी नव्हती.

यानंतर दिसायला लागलं. तेजस आलं ते आधी डास असावा तसं. मग एकदम मोठं झालं, कुशीवर वळलं आणि मला पहिल्यांदा त्याचा पाठीकडचा त्रिकोण दिसला. इतकं छोटं असेल असं वाटलं नव्हतं. लांबी १३ मीटरच्या आसपास, आपल्या एसटीला हातभर जोड दिली की तेवढंच. वळताना पंखांवर पांढरं काहीतरी फसफसलं आणि नाहीसं झालं. मी घाबरून भाचीचा हात धरला, "धूर निघतोय!" धूर नव्हता. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब एकदम पडतो, हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचं क्षणभर धुकं होतं. वळण सुटलं की धुकंही गेलं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, त्याच्या जवळपासचं काहीतरी, असं मी वहीत लिहिलं. आता वाचताना ते तितकंसं बरोबर वाटत नाही, पण तेव्हा फार समाधान झालं होतं.

मग सुखोई-३०. हे आमचं घरचं विमान, २००४ पासून ओझरलाच बनायला लागलं. मी शेजारच्या दोन अनोळखी तरुणांना हिंदीतून सांगितलं, "ये हमारे गाँव में बनता है." त्यांनी आदराने माझ्याकडे बघितलं. एकाने विचारलं, "सर, फिर ये कॅनार्ड क्यों लगाए हैं?" मला कॅनार्ड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हवा के लिए." पुढे कळलं की मुख्य पंखांच्या पुढे, मानेपाशी जे दोन छोटे पंख असतात ते कॅनार्ड, आणि फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ बदक. विमानाला नाक वर काढायला नि वळायला त्यांची मदत होते. तशी 'हवा के लिए' हे उत्तर चूक नव्हतं म्हणा. जगातल्या कुठल्याही विमानाच्या कुठल्याही भागाला ते लागू पडलं असतं.

सुखोईच्या आवाजाबद्दल मात्र मला लिहायचंय, कारण तो घरी ऐकलेला आवाज नव्हताच. घरी ऐकतो तो लांबचा, जेवणाच्या ताटातली वाटी हलवणारा. इथे तो कानाने ऐकलाच नाही, बरगड्यांनी ऐकला. खिशातली किल्ली थरथरत होती. शर्टाचं कापड छातीला चिकटून सुटत होतं. विमानाच्या मागे दोन नारिंगी जाळ दिसले. त्याला आफ्टरबर्नर म्हणतात. मी वहीत 'नंतरजाळ' लिहिलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत जळायचा बराच प्राणवायू शिल्लक असतो. त्याच्यावर पुन्हा इंधन फवारायचं आणि पुन्हा पेटवायचं. रेटा वाढतो, इंधन बदाबदा जातं. एकदा वापरलेल्या चहापत्तीत पुन्हा दूध ओतून उकळण्यासारखं, फक्त इथे दुसरा चहा पहिल्यापेक्षा कडक. आणि या विमानाच्या इंजिनांची मागची तोंडं वळतात, त्यामुळे तो रेटाच वाकडा करता येतो. म्हणून एवढं अवजड धूड, भरून निघालं तर ३८ टनांपर्यंत जाणारं, कोळंबीसारखं आखडून उलटं फिरतं.

आत बसलेल्या माणसाचं काय होतं, हे विचारून मी पस्तावलो. अशा वळणात ९ जीपर्यंत भार येतो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट. माझं वजन ७२ किलो. भाचीने लगेच गुणाकार केला: ६४८. रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून वैमानिक हवेने फुगणारी खास विजार घालतो. ती मांड्या-पोटऱ्या आवळून धरते आणि रक्त खाली जाऊ देत नाही. हे ऐकत असताना मी नुसती मान वर करून उभा होतो, आणि मलाच चक्कर आली. पाणी प्यायलो, खाली बसलो. एक जी मला पुरेसा होता.

दुपारी सुखोई-५७ आलं. रशियाचं, रडारला चुकवणाऱ्या जातीचं. चालवणारे सर्गेई बोगदान. २०१० मध्ये या विमानाचं पहिलं उड्डाणही त्यांनीच केलं होतं. ते आलं आणि हवेत जवळजवळ थांबलं. नाक वर, पोट आमच्याकडे, असं सावकाश सरकत राहिलं. भाची कॅमेऱ्यातून डोळा न काढता पुटपुटली, "बघ बघ, आता दुसरं कुठलंही स्टॉल झालं असतं." मला भूक लागलेलीच होती. मी मागे वळून विचारलं, "कुठेय स्टॉल?"

तिने कॅमेरा खाली केला नाही, पण तिचे खांदे हसताना हलले. स्टॉल म्हणजे उचल सुटणं. पंख हवेला फार तिरका धरला की वरून वाहणारी हवा त्याला चिकटून राहत नाही, फाटते, आणि विमान पडायला लागतं. इंजिन बंद पडायची गरज नसते. ही गोष्ट मला खरोखर माहीत नव्हती आणि ती कळल्यावर समोरचं दृश्य एकदम बदललं. आधी ते विमान मला आळसावलेलं वाटत होतं. आता ते कड्याच्या टोकावर एका पायावर उभं दिसत होतं.

शेवटी सूर्यकिरण, हवाई दलाचं कसरतींचं पथक. नऊ हॉक विमानं, लाल-पांढरी. मागे पांढऱ्या धुराच्या नऊ रेघा. हा धूर म्हणजे इंजिनाच्या तप्त झोतात सोडलेलं डिझेल, त्याची वाफ होते आणि मग धुरासारखं दिसतं. हे पथक १९९६ सालचं, आधी किरण विमानं उडवायचं. मुक्काम बीदरला, म्हणजे आमच्या उदगीर-लातूरकडच्यांच्या अगदी शेजारी. विमानं इतकी चिकटून उडत होती की मी सवयीने वर्गात ओरडतो तसं "अंतर ठेवा!" म्हणालो. पुढचे दोघे हसले. भाची हसली नाही. थोड्या वेळाने तिने सांगितलं, १९ फेब्रुवारी २०१९ ला याच तळावर सराव चालू असताना पथकाची दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक गेला. त्यानंतरची त्यांची हृदयाची आकृती, दोन विमानांनी दोन बाजूंनी काढलेली, मी फोन खिशात ठेवून बघितली. तिला सारंगचीही चुटपुट होती. मी म्हटलं, "राग सारंग?" तर सारंग म्हणजे हवाई दलाचं ध्रुव हेलिकॉप्टरांचं पथक. जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाच्या ध्रुवला अपघात झाला आणि सगळी ध्रुव जमिनीवर आली, म्हणून त्या वर्षी सारंग नव्हतं.

रात्री फोनमधले फोटो बघितले. २१४. त्यातले दीडशेच्या वर निळे, स्वच्छ, रिकामे. आकाशाचे इतके फोटो कुणी हवामान खात्यातसुद्धा काढत नसेल. काही माझ्या बोटाचे. एकात मात्र मधोमध, पंख पसरलेलं, काळंभोर, झेपावणारं काहीतरी सुरेख आलं होतं. मी भाचीला दाखवलं, "हे बघ सुखोई." तिने दोन बोटांनी मोठं केलं.

"मामा, ही घार आहे."

तेरा किलोमीटर पनीर खाऊनही एक आलीच होती.

१४ ला अडीच हजारवाल्या दारातून आत गेलो. आज नुसतं चालायचं होतं. पहिल्याच मोठ्या दालनाशी एक राखाडी, धारदार कडांचं लढाऊ विमान उभं होतं. मी त्याच्याभोवती फिरलो, खाली वाकून चाकं बघितली आणि बाजूच्या गृहस्थांना अदबीने विचारलं, "स्पीड कितना है?" ते म्हणाले, "सर, अभी तो ज़ीरो." ते ॲम्का होतं, आपलं पुढच्या पिढीचं होऊ घातलेलं विमान, आणि समोर होता तो त्याचा पूर्ण आकाराचा नमुना. गणपतीच्या देखाव्यात थर्माकोलच्या किल्ल्यावर चढायला निघालेल्या पोरासारखी माझी गत.

पुढे दोरीपलीकडे अमेरिकेचं एफ-३५. रशियाचं सुखोई-५७ आणि हे, एकाच एरो इंडियात दोन्ही असण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे गर्दी आषाढीसारखी. भाची म्हणाली, "हे स्टेल्थ. दिसत नाही." मी म्हटलं, "मग मला कसं दिसतंय?" हे मी बऱ्यापैकी मोठ्याने म्हटलं असावं, कारण दोरीजवळच्या एका शाळकरी मुलानेच मला समजावलं. रडार म्हणजे वटवाघळाचं तंत्र: लहरी सोडायच्या आणि परत येणारा पडसाद ऐकायचा. विमानाच्या कडा नि पत्रे अशा कोनांत ठेवायचे की लहरी दुसरीकडेच उडून जाव्यात, काही अंगावरच्या लेपात जिरून जाव्यात, पडसाद फार थोडा परतावा. डोळ्यांना ते दिसणारच. "थँक्यू बेटा," मी म्हटलं. त्याने विचारलं, "अंकल, फर्स्ट टाइम?"

सावलीला बसून द्राक्षं खाताना भाचीने मला एक सोपी युक्ती सांगितली. विमान ओळखायचं तर पंख बघत बसू नकोस, रंग तर अजिबात नको. ते श्वास कुठून घेतं ते बघ. इंजिनाला हवा लागतेच, ती आत जायला तोंड असतंच, आणि ते कुठे आहे यावरून अर्धं काम होतं. तेजसची दोन तोंडं दोन बाजूंना, पंखांच्या आडोशाला. एफ-१६ चं एकच, पोटाखाली, हसल्यासारखं. सुखोई-३० ची दोन मोठी चौकोनी, अंगाखाली. "आणि तुझ्या मिग-२१ चं?" तिने परीक्षा घेतली. मला येईना. "नाकातच, मामा. अख्खं नाक म्हणजे गोल भोक, आणि त्यात मधोमध एक शंकू." बालपणभर ज्याच्या नावाच्या थांब्यावर उतरलो त्याचं नाक मला ठाऊक नव्हतं.

एक मार्क मात्र मी मिळवला. विमानं बनवणाऱ्या एचएएलच्या दालनापाशी भाची म्हणाली, विमानांचं हे सगळं बंगळुरूलाच का झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "सोलापूरच्या माणसामुळे." वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा. त्यांनी म्हैसूर संस्थानाला भागीदार करून डिसेंबर १९४० मध्ये इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, तिचंच पुढे एचएएल झालं. हे मी कधीतरी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लिहून काढलं होतं. ती थक्क झाली. तिथे मी थांबायला हवं होतं. पण चढलेला शिक्षक थांबत नाही. मी पुढे तळपद्यांचं १८९५ सालचं चौपाटीवरचं विमानही उडवलं. तिने शांतपणे सांगितलं की त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा सापडत नाही, आणि त्याला आधार म्हणून 'वैमानिक शास्त्र' नावाचा जो ग्रंथ दाखवतात तो याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये तपासून त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असं लिहून ठेवलंय. १९७४. मी वहीत कात्रणं चिकटवायला लागलो तेच साल. मिळालेला मार्क परत गेला.

घरी आलो तेव्हा बायकोने दारातच माझी हनुवटी वर करून बघितली. कपाळ, नाक, गाल ठीक होते, टोपी होती ना. पण हनुवटीची खालची बाजू आणि गळा भाजून तांब्याच्या रंगाचा झाला होता. "तिथे कसं काय ऊन लागलं?" तिने विचारलं. मग कोरफड लावली. छत्रीचं मी काही बोललो नाही.

नंतर सप्टेंबरमध्ये, २६ तारखेला, चंदिगडला मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ पासून हवाई दलात होतं, ६२ वर्षं. टीव्हीवर दाखवत होते. नाकातलं भोक आणि त्यातला शंकू मला आता लांबूनही दिसला. उठून माळ्यावरून निळी वही काढली. पहिल्याच पानावर माझ्या सातवीतल्या अक्षरात, लाल शाईने, दुहेरी अधोरेखित: 'आपले मिग-२१'. वर पिवळं पडलेलं कात्रण, एका पंखाचं टोक झुरळाने खाल्लेलं. चष्मा लावून बघितलं. नाक टोकदार होतं. भोक नाही. हवेची तोंडं पंखांच्या मुळाशी, दोन बाजूंना.

फोटो काढून भाचीला पाठवला आणि खाली लिहिलं, "हे मिग नाहीये ना गं?"

दोन मिनिटांत उत्तर आलं. "हंटर आहे, मामा. पण तू ओळखलंस!"

लाल शाईचं पेन घरात सापडेना. शेवटी पेन्सिलनेच मिगवर काट मारली आणि शेजारी 'हंटर' लिहिलं. मग दुसरं पान उघडलं.